सहा फुटांची दोरी

नाही पप्पा, परत बसवणार नाही मी ती. वरून कितीही डोळे वटारा. लेन्स खोलली, साफ केली, आणि आता ती माझ्या कॅमेऱ्यावर आहे, तुमच्या नाही. तुमच्या रशियन कॅमेऱ्याची अठ्ठावन्न एमेमची लेन्स, जिला कोणी नुसतं बोट लावलं तरी तुम्ही गल्ला सोडून उठून यायचा, ती आत्ता ओढणीत गुंडाळून माझ्या मांडीवर आहे. मी बसस्टँडवर बसलेय. इंदूरची बस अजून लागायची आहे, शेजारी एक बाई केळीच्या चिप्सची पाकिटं पोत्यात भरून राहिली, आणि मी फोनवर लिहून तुमच्याशी भांडून राहिलेय. तुम्ही गेलात तेव्हा मी नववीत होते. लोक म्हणाले, बिचारीचा बाप गेला. माझं म्हणणं असं की बाप भांडण अर्ध्यावर सोडून गेला, आणि शेवटचं वाक्य त्याचं राहिलं. हे मला चालत नाही. तेव्हा त्या वाक्याला उत्तर सुचलं नव्हतं, आता सुचलंय, तर ऐकून घ्या.

कुठलं वाक्य, ते तुम्हाला आठवत नसणार. तुमच्यासाठी ती रोजचीच दुपार होती. मी सातवीत आहे, शाळा सुटल्यावर लोधीपुऱ्यातल्या आपल्या स्टुडिओत येऊन बसलेय, तुम्ही आतल्या खोलीत कोणाचे तरी पासपोर्ट फोटो कापताय. समोर सगळं नेहमीच्या जागी आहे. गिऱ्हाइकाचं स्टूल, जे तुम्ही खिळे मारून जमिनीला ठोकलं होतं. त्याच्या समोर जमिनीवर हिरव्या ऑइलपेंटची रेघ. रेघेवर कॅमेऱ्याचा स्टँड. आणि लेन्सच्या फोकसच्या रिंगवर गुंडाळलेली काळी चिकटपट्टी, म्हणजे रिंग हलायलाच नको. स्टूलपासून रेघ सहा फूट, लेन्सचा फोकस सहा फुटांवर बांधलेला, मग येणारी नवरीमुलगी असो की रिटायर झालेले मास्तर, बसा, मुंडी थोडी नीचे, साँस रोको, हो गया. सगळ्या बुरहानपूरचं तोंड तुम्ही एकाच अंतरावरून पाहिलं. त्या दुपारी मी ती पट्टी सोलून काढली आणि रिंग फिरवली. डोळा लावून बघते तर स्टूल विरघळलं आणि मागच्या पडद्यावरचा रंगवलेला धबधबा पुढे आला. उलटी फिरवली तर धबधबा गेला आणि लांब धरलेल्या माझ्याच हाताच्या रेषा दिसायला लागल्या. तुम्ही मागे कधी येऊन उभे राहिलात ते कळलं नाही. मारलं नाहीत. तुम्ही कधीच मारायचा नाही, त्यामुळे तुमच्यावर धड चिडताही यायचं नाही.

"ही फिरवायची नसते," तुम्ही म्हणालात.

"मग फिरते कशाला?"

"फिरते म्हणून फिरवायची का?"

हेच ते वाक्य. मग तुम्ही ड्रॉवरमधून नवी पट्टी काढली, दातांनी तोडली, रिंग होती तिथे आणून गुंडाळली आणि मला घरी पाठवलं. पुढच्या वर्षी मी वर्गात पहिली आले तेव्हा तुम्ही मला कॅमेरा दिला. प्लास्टिकचा, लाल, वर एक बटण. मी तो सगळीकडून तपासला. त्यात फिरवायला काहीच नव्हतं. आई म्हणाली, "बघ, बापाचा जीव आहे तुझ्यावर." जीव होता, मी कुठे नाही म्हणते. पण विचार करून आणला होता तुम्ही तो कॅमेरा, हे आपल्या दोघांनाही माहीत होतं.

आणि अजून एक. खंडव्याचा एक माणूस जुन्या लेन्सा विकायला आला होता, आठवतो? पांढरी सफारी घातलेला. त्याने टेबलावर रुमाल पसरून त्याच्यावर लेन्सा मांडल्या आणि म्हणाला, "ले लो भाईसाब, एक रिंग लगा दूँगा, आपकी बॉडी पे बैठ जाएगी." तुम्ही त्याला चहा पाजला आणि परत पाठवला. तो गेल्यावर मला म्हणालात, "लेन्स अशी कोणाच्याही बॉडीला लावायची नसते. जिची तिला. सून काय रोज घर बदलते का?" तुम्हाला वाटलं मी लहान आहे, विसरेन. नाही पप्पा, सून रोज घर बदलत नाही. एकदाच बदलते, पण मुळासकट. आईला तुम्ही जळगावहून उचलून इथे आणून बसवलं, मधे रिंग पण लावली नाही. तिने इथलं हिंदी शिकलं, तुमच्या आईच्या हातचं तिखट शिकलं, दुकानातल्या केमिकलचा वास घरभर सोसला. बसली ना ती? फोटो नीट आले ना तुमचे? मग लेन्सच्या वेळेलाच ही शुद्धता कुठून आली?

आपण तर सगळेच मधे रिंग लावून चाललेले लोक. राज्यं नव्याने आखली तेव्हा आपण रेघेच्या या, हिंदीच्या बाजूला राहिलो, असं आजोबा सांगायचे. घरात मराठी, शाळेत हिंदी, गल्ल्यावर दोन्ही, आणि केळीवाले शेतकरी आले की तुमच्या तोंडून खानदेशी अशी फुटायची की जसे तुम्ही त्यांच्याच बांधावर वाढलात. एका गिऱ्हाइकाला "बैठो" आणि दुसऱ्याला "बस वं माय" यात तुम्हाला श्वास घ्यायला पण वेळ लागायचा नाही. मी आता गोष्टी लिहिते, पप्पा. याच भाषेत लिहिते, आणि त्या परत येतात. एका संपादकांनी कळवलं, प्रयोग चांगला आहे पण भाषा धड मराठी वाटत नाही, मूळ भाषेत लिहा. मूळ भाषा. म्हणजे मला पण कोणीतरी पट्टी गुंडाळायला निघालंय. म्हणून सांगते, या लेन्सचा विषय माझ्यासाठी नुसता काचेचा नाही.

आता काय झालं ते ऐका. तुम्ही गेल्यावर आईने तुमच्या कॅमेऱ्याचा देव केला. लाल कापडात बांधून गोदरेजच्या कपाटात, साड्यांच्या खाली. दसऱ्याला बाहेर काढायचा, पाटावर ठेवायचा, झेंडूचा हार, आपट्याची पानं, शेजारी दादाचा स्क्रूड्रायव्हरचा सेट, यंदा माझा लॅपटॉप पण, विळी. सगळ्या हत्यारांची पूजा. दादाने तुमच्या स्टुडिओत आता मोबाइलचं दुकान टाकलंय, झेरॉक्स आणि रिचार्ज, हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल तर मी सांगते. शाळेत होते तोवर मी पूजेकडे नीट बघितलंही नाही, मग कॉलेज, नोकरी, अशी बरीच वर्षं दसऱ्याला घरी नव्हतेच. यंदा आले. पूजेला बसले. आईने कॅमेरा ठेवला, लेन्सचं झाकण काढलं, करंगळीशेजारच्या बोटाने ओलं कुंकू घेतलं आणि सरळ काचेच्या मधोमध टिळा लावला. वर हळद. वर अक्षता.

मी ओरडलेच. "आई, काचेवर काय लावून राहिलीस?"

"मग कुठे लावू? दरवर्षी तिथेच लावते."

"झाकण होतं ना, झाकणाला लाव."

"डोळे झाकून ठेवायचे आणि पूजा करायची? देवाचे डोळे उघडे पाहिजेत," आई म्हणाली, आणि मला हळदीचा हात लागू नये म्हणून कोपराने बाजूला सारलं. दादा हसायला लागला. "अगं लेखिका, तू शिकवू नको तिला. पप्पांचा तिसरा डोळा आहे तो."

पप्पा, मी तो कॅमेरा खिडकीशी नेऊन बघितला. वर्षानुवर्षांचं कुंकू पुसून पुसून काचेच्या कडेला चिखलासारखं बसलेलं. हळदीचा पिवळा डाग. ओला हार घालून तसाच कापडात बांधल्यामुळे आत बुरशी, कोळ्याचं जाळं असतं ना तशी, आतल्या काचेवर पसरलेली. आणि फोकसची रिंग हलेना. तुमची पट्टी अजून तिथेच, चिकट, खाली ग्रीस वाळून दगड झालेलं. तुम्ही जिथे सोडली तिथेच ती लेन्स अडकून बसली होती, सहा फुटांवर बघत, आणि समोर कोणी नाही. प्रेमानेच आंधळी केली त्यांनी तिला. दोष तुमचा. हात लावायचा नाही, हे तुम्ही त्यांना इतकं घट्ट शिकवलं की उरलं काय, नमस्कार.

कॅमेरा परत पाटावर ठेवून मी म्हटलं, मी ही खोलते. माझा कॅमेरा पातळ आहे, त्यात तुमच्या कॅमेऱ्यातला आरसाच नाही, म्हणून लेन्स आणि सेन्सर यांच्यात मोकळी जागा धरायला मधे एक अडॅप्टर लागतो, तो मी इंदूरहून घेऊनच आले होते. मनात होतंच माझ्या. दादाने तो बोटांवर फिरवून बघितला. ॲल्युमिनियमचं कडं, एका बाजूला आटे, एका बाजूला खाचा, आत काच नाही काही नाही. "हे काय, बांगडी आणलीस? लेन्सचं दुसरं लग्न लावतेस का?" मी म्हटलं, "हो. तू वऱ्हाडात येशील?" आई हसली नाही. तिने पाटावरचा कॅमेरा आपल्याकडे ओढून घेतला. आणि तेव्हा दादाने सांगितलं की त्याने दुकानात काचेची पेटी करून घेतलीय, आत एलईडी, तुमचं नाव कोरलेली पट्टी, आणि कॅमेरा आत ठेवून पेटी चारी बाजूंनी सिलिकॉनने बंद करायची. पुन्हा धूळ नको, कोणाचा हात नको. काचवाला त्याच दिवशी येणार होता, पण दसऱ्याला त्याची पण हत्यारं पूजेत, म्हणून दुसऱ्या दिवशी यायचा होता. म्हणजे माझ्या हातात तेवढाच वेळ होता. एकदा सिलिकॉन लागलं की ती लेन्स कायमची सहा फुटांवर मेली असती, एलईडीच्या उजेडात.

आई म्हणाली, "आज हत्याराला हात लावायचा नसतो. आज ती विश्रांतीला असतात."

"ही किती वर्षं विश्रांतीला आहे, आई?"

ती उठली. पुरण वाटायला आत गेली. पण कॅमेरा पाटावरच ठेवून गेली. मी तो उचलून तिच्या मागे स्वयंपाकघरात गेले. मुद्दाम. चोरून करायचंच नव्हतं मला, तिच्या समोर करायचं होतं. ओट्यावर स्टीलचं ताट, त्यात पांढरा पंचा, म्हणजे स्क्रू घरंगळले तरी पंच्यात राहतील. पहिल्यांदा लेन्स बॉडीतून आटे सोडवून वेगळी केली. पुढची नावाची रिंग, ज्याच्यावर रशियन अक्षरं आहेत, ती उघडायला काही मिळेना, शेवटी सिंकचं रबरी बूच दाबून फिरवलं तेव्हा कुरकुरत सुटली. आई पाठ करून उभी, पाट्यावर वरवंटा नुसता दणकत होता, पुरण कधीच बारीक झालं होतं. तुमची पट्टी मी नखाने सोलली. खाली धातू नव्यासारखा चमकत होता, आजूबाजूचा सगळा काळवंडलेला आणि मधे तेवढा पट्टा उजळ. रिंग गरम करायला केस वाळवायचं मशीन लावलं, लायटरचं पेट्रोल थेंब थेंब सोडलं. फिरेना. पुन्हा गरम. पुन्हा थेंब. अंगठ्याची कातडी गेली. आणि मग ती सुटली, पप्पा. आधी केसभर, मग एकदम. आतून तांबडी धूळ पडली पंच्यावर. कुंकू. वर्षांचं कुंकू. मी आवाज न करता रडले असेन, ते सोडा, पेट्रोलनेही डोळ्यांत पाणी येतं.

"तुटली का?" आईने विचारलं. वळली नाही.

"फिरली."

वरवंटा थांबला. मग परत सुरू झाला, पण हळू.

बुरशी मेडिकलवरून आणलेल्या औषधाने निघाली. पूर्ण नाही. काचेवरचा लेप तिने काही ठिकाणी खाल्लाय, उजेडाकडे धरलं की मुंग्यांच्या वाटेसारख्या रेषा दिसतात. हळदीचा डाग कडेला राहिला, तो कशालाच गेला नाही. राहू दे. रात्रभर काचा सुकू दिल्या, सकाळी लेन्स जुळवली, बांगडी चढवली, आटे घट्ट बसले. माझ्या कॅमेऱ्यावर लावली आणि बटण दाबलं तर कॅमेरा म्हणतो, लेन्स लावलेली नाही. खरंच, तसं लिहून येतं. तुमच्या लेन्समधून तार जात नाही, वीज जात नाही, त्याला ती लेन्स वाटतच नाही. मग मेनूत जाऊन त्याला सांगावं लागतं की तुला लेन्स दिसत नसली तरी फोटो काढ. मी ते सेटिंग चालू करताना त्या संपादकांची आठवण काढली आणि जोरात हसले. आणि पडद्यावर अंगणातली तुळस आली. काठांवर लाल रेषा चमकतात, जिथे फोकस बसतो तिथे. रिंग फिरवली, रेषा तुळशीवरून सरकून भिंतीवर गेल्या, भिंतीवरून शेजारच्या गच्चीवर, गच्चीवरून पार पलीकडच्या पाण्याच्या टाकीवर. तुमची लेन्स टाकीपर्यंत बघू शकते, पप्पा. तुम्हाला कधी माहीत होतं का हे?

आता चांदनी गावची गोष्ट, ती सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही. सुट्टीत तुम्ही मला पॅसेंजरने चांदनीला न्यायचा. गावातल्या लोकांचे सरकारी कार्डासाठी फोटो. तिथे स्टूल नाही, हिरवी रेघ नाही, म्हणून तुम्ही सुती दोरी केली होती, स्टँडला एक टोक बांधलेलं, दुसऱ्या टोकाला गाठ. ती गाठ माझ्या हातात. माझं काम एवढंच, ताणलेल्या दोरीची गाठ समोरच्याच्या नाकाला टेकवायची, तुम्ही हं म्हटलं की सोडून बाजूला पळायचं. एक म्हातारी भडकली होती. "नाकले दोरी कसाले लावस रे भाऊ? मी काय बैल शे का?" आणि तुम्ही अजिबात न हसता, "बैल नाही वं माय, नथीचं माप ली राहिनू." सगळं अंगण हसलं, म्हातारी सगळ्यांत जास्त. आणि त्याच अंगणात ती नवी सून. सासरा मागे काठी घेऊन उभा, सुनेचा पदर हनुवटीपर्यंत. सासरा म्हणतो, "पदर वर कर, कार्डाचा फोटो आहे." ती करत नाही. तुम्ही सासऱ्याला म्हणालात, "बाबा, तुम्ही जरा माझ्या मागे येऊन तिकडे तोंड करून उभे राहा," आणि मला गाठ सोडायला सांगितली. स्टँडशी तसेच उभे राहिलात, खाली बघत. थोड्या वेळाने तिने आपल्या हाताने पदर वर केला. मला तेव्हा कंटाळा आला होता. मला वाटलं, पप्पा जवळ का जात नाहीत, रिंग का फिरवत नाहीत, इतके घाबरतात कशाला.

आणि घरच्यांचे फोटो तुम्ही काढलेच नाहीत. "हलवाई स्वतःची मावा जिलेबी खात नाही," असं म्हणायचा. फार हुशारीचं वाक्य वाटायचं तुम्हाला. त्याचा परिणाम सांगू? भिंतीवर हार घातलेला तुमचा फोटो कोणाच्या तरी लग्नातल्या ग्रुपमधून कापलेला आहे. तुमच्या डाव्या बाजूला एका परक्या माणसाचा खांदा आहे, सफेद कोट. गणपतीपासून दिवाळीपर्यंत आई त्या खांद्याला पण उदबत्ती ओवाळते. आणि आईचा फोटो नाहीच. आधारचा आहे, तो कोणाचाच फोटो नसतो.

म्हणून मला लेन्स पाहिजे होती. तुमच्या आठवणीसाठी नाही. आईसाठी. ज्या काचेने सगळं गाव बघितलं तिने या एका बाईला बघितलं नाही, हे मला मिटवायचं होतं, आणि पेटीला सिलिकॉन लागायच्या आत.

दुपारी आई दादाचा डबा घेऊन दुकानात आली, मी दोन्ही कॅमेरे घेऊन आधीच तिथे होते. दादा काचवाल्याला आणायला सिंधीपुऱ्याकडे गेला होता. दादाने खाली टाइल्स बसवल्या तेव्हा तुमची रेघ गेली, पण स्टूल निघालं नाही, मिस्त्री म्हणाला जमीन फुटेल, म्हणून ते झेरॉक्स मशीनच्या शेजारी तसंच आहे. मी आईला म्हटलं, बस. "मी कशाला, इथे गिऱ्हाइक बसतं," ती म्हणाली. "तू पण बस. पैसे नको देऊस." बसली. डबा मांडीवर. मी तिच्या अगदी जवळ गेले, रिंग पार टोकाला फिरवून, हातभर अंतरावर, मला तिच्या पापण्या पाहिजे होत्या, कपाळावरचं गोंदण पाहिजे होतं. आई दगड झाली. मान मागे, ओठ आत, हात पदराकडे. मी म्हटलं सैल हो. ती अजून आखडली. मी म्हटलं, "आई, मीच आहे." ती म्हणाली, "तू कुठे, मशीनच दिसून राहिलं." मी काढत गेले. सगळे वाईट. सगळे आधार कार्ड. मी चिडले, मागे सरले, अजून मागे, गल्ल्याला पाठ लागली तिथे थांबले, आणि डोळ्याला कॅमेरा लावून रिंग फिरवत तिला शोधायला लागले.

तिने हात पदरावरून काढला. डब्याचं झाकण नीट केलं. मग वर बघितलं, माझ्याकडे, लेन्सकडे नाही, आणि "झालं का तुझं, पोरगा उपाशी येईल" एवढं म्हणायला तोंड उघडलं, आणि मी बटण दाबलं. लाल रेषा तिच्या पापण्यांवर उभ्या होत्या. एका कडेला हळदीच्या डागाने थोडा पिवळा उजेड सांडलाय. पप्पा, तो फोटो तुम्ही बघायला पाहिजे होता. ती त्यात रागावलेली पण नाही आणि हसलेली पण नाही. ती त्यात घरी आहे.

दादा आला, काचवाला आला. दादाने तुमच्या कॅमेऱ्याकडे बघितलं, पुढे भोक. "हे काय, लेन्स कुठेय?" मी म्हटलं, माझ्याकडे, आणि माझ्याकडेच राहील. मला वाटलं आता होणार. दादा आईकडे बघायला लागला, सांग तिला काहीतरी. आईने डबा खाली ठेवला, घरी गेली आणि कुंकवाच्या करंड्याचं चांदीचं झाकण घेऊन आली. कॅमेऱ्याच्या भोकावर लावून बघितलं. थोडं मोठं होतं, पण कापसाने बसलं. "आता इथे लावते टिळा, कायमचा," ती म्हणाली. "काचेला नको म्हणते ना ही." दादा म्हणाला, "लोक विचारतील हे काय आहे म्हणून." आई म्हणाली, "सांग, झाकण आहे." काचवाल्याने सिलिकॉन लावलं. तुम्ही आता पेटीत आहात पप्पा, एलईडी खाली, तोंडाला करंड्याचं झाकण. आणि तुमचा डोळा माझ्या मांडीवर आहे. मी जवळून बघणार, लांबून बघणार, तिरकं बघणार, उजेडासमोर धरून बघणार, आणि जी माझ्या तोंडात येईल त्याच भाषेत फोटोंखाली ओळी लिहिणार. फिरते म्हणून फिरवणार. हे तुमच्या वाक्याचं उत्तर.

पाठवायचं कुठे हे, मला माहीत नाही. ड्राफ्टमध्ये राहील. आणि राहणारच आहे म्हणून एक गोष्ट सांगते, जी आईला सांगितली नाही, दादाला तर नाहीच. फोटो काढल्यावर मी सहज रिंगकडे बघितलं. खूण त्या उजळ पट्ट्याच्या बरोबर मधे होती, जिथे तुमच्या पट्टीने रिंग बांधलेली असायची, सहा फुटांवर. मी दोरी घेऊन मोजलं नाही. पण गल्ल्यापासून स्टूल किती, हे माझ्या पायाला माहीत आहे.

एवढंच. आणि एवढ्याने जिंकलो असं समजू नका, तिथपर्यंत रिंग मीच फिरवत आणली होती. इंदूरची बस लागली, कंडक्टर वाटेतलं खंडवा खंडवा ओरडून राहिला. तुम्ही तोंड उघडायच्या आत मी चढते.